भेग खालून येते

पावसाळ्यात रस्ता फुटतो ही आपली पक्की समजूत आहे, आणि ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. जुलैत खड्डा पडतो, त्याचे फोटो वर्तमानपत्रात येतात, गणपतीच्या तोंडावर घाईघाईने माल टाकून तो बुजवला जातो आणि नवरात्रापर्यंत पुन्हा तोंड वर काढतो. पण पाण्यालाही आत शिरायला वाट लागते. ती वाट म्हणजे भेग, आणि बहुतेक वेळा ही भेग पावसाने पाडलेली नसते. तिची सुरुवात दोन-चार वर्षं आधी झालेली असते, डांबरी थराच्या तळाशी, जिथे कुणाची नजर पोचत नाही. पाऊस येऊन फक्त पंचनामा करतो.

हे पुस्तक त्या आधीच्या दोन-चार वर्षांबद्दल आहे.

भरलेला ट्रक जातो तेव्हा चाकाखालचा डांबरी थर किंचित वाकतो. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. चांगल्या बांधलेल्या महामार्गावर हा ताण मीटरमागे दीड-दोन दशांश मिलिमीटर इतकाच असतो. अभियंते त्याला दीडशे-दोनशे मायक्रोस्ट्रेन म्हणतात. चाक पुढे गेलं की थर जागेवर येतो. जवळजवळ पूर्ण येतो, आणि त्या ‘जवळजवळ’मध्येच सगळी गोम आहे. दर खेपेला खडीभोवतीच्या डांबराच्या पातळ पापुद्र्यात कुठेतरी काहीतरी सुटतं. एका ट्रकने काही होत नाही, हजारांनीही नाही. लाखो फेऱ्या झाल्या की ही सुटलेली ठिकाणं एकमेकांना मिळतात, त्यांची भेग होते, ती वर चढत जाते. पृष्ठभागावर ती पहिल्यांदा चाकाच्या पट्ट्यात उभ्या बारीक रेघेसारखी दिसते, मग तिला आडव्या रेघा फुटतात आणि काही महिन्यांत मगरीच्या पाठीसारखं जाळं तयार होतं. साइटवर त्याला ‘ॲलिगेटर क्रॅक’ असंच म्हणतात. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३७ या मार्गदर्शिकेनुसार पृष्ठभागाच्या २० टक्के भागावर असं जाळं आलं की थकव्याच्या हिशेबाने रस्त्याचं आयुष्य संपलं असं धरतात.

थकवा ही कल्पना रस्तेवाल्यांची नव्हे, रेल्वेवाल्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात डब्यांचे आस अचानक मोडत होते. आस पुरेसे जाड होते, त्यांच्यावरचा भार लोखंडाच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी होता, तरी मोडत होते. ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने पद्धतशीर प्रयोग करून दाखवलं की एकदाच दिलेला मोठा भार आणि पुन्हापुन्हा दिलेला लहान भार या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यात ‘किती वेळा’ हा प्रश्न ‘किती जोराने’ याइतकाच महत्त्वाचा. डांबरापर्यंत हा विचार पोचायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यातले फ्रान्सिस व्हीम यांनी १९५५ साली रस्त्याचं दबणं आणि त्याचा थकवा यांचा संबंध मांडला: रस्ता खचलेला नाही, खड्डा नाही, तरी खालची जमीन लवचीक असेल तर वरचं डांबर वारंवार वाकून तडकतं. त्यानंतर बर्कलीत कार्ल मोनिस्मिथ आणि इंग्लंडात नॉटिंगहॅमला पीटर पेल यांनी प्रयोगशाळेत डांबरी मिश्रणाचे नमुने वाकवून वाकवून मोडले आणि या विषयाला आकडे मिळाले.

आकडे मिळाले, पण त्यांच्याबरोबर एक पेचही आला. तो नीट कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

काही मोडत असेल तर ते अधिक कडक करावं, ही माणसाची पहिली प्रतिक्रिया. रस्त्याच्या बाबतीत ती निम्मी बरोबर आहे. थर जाड असेल, समजा दीडशे मिलिमीटरच्या पुढे, तर भाराचा मोठा वाटा तो स्वतः उचलतो. अशा थराचं मिश्रण कडक केलं तर तो कमी वाकतो, स्ट्रेन कमी होतो, आयुष्य वाढतं. पण थर पातळ असेल, पन्नास मिलिमीटर किंवा त्याहून कमी, तर तो किती वाकणार हे त्याच्या हातात नसतं. ते खालची खडी आणि माती ठरवते. वरचा थर मुकाट्याने तेवढाच वाकतो. अशा ठिकाणी कडक मिश्रण लवकर तडकतं आणि मऊ मिश्रण टिकतं. ग्रामीण रस्त्यावरच्या वीस मिलिमीटरच्या कार्पेटला महामार्गाचं कडक डांबर वापरणं म्हणजे चांगल्या हेतूने केलेलं नुकसान. तरीही ‘भारी डांबर टाका’ असा आग्रह धरणारे लोक भेटतात, आणि त्यांना न दुखावता हे समजावणं हे इंजिनिअरच्या नोकरीतलं एक अवघड काम आहे.

आयआरसी ३७ च्या थकव्याच्या सूत्रात हा पेच उघड दिसतो. त्यात मिश्रणाचा कडकपणा छेदात आहे: स्ट्रेन तेवढाच राहिला तर मिश्रण जितकं कडक तितकं आयुष्य कमी. पण स्ट्रेनसुद्धा छेदातच आहे, आणि त्याचा घात ३.८९ आहे. म्हणजे स्ट्रेन दहा टक्क्यांनी घटला तर आयुष्य दीडपट होतं. कडकपणा एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने देतो. देणं जास्त की घेणं जास्त हे थराच्या जाडीवर ठरतं. म्हणून ‘कोणतं मिश्रण चांगलं?’ या प्रश्नाला ‘कुठल्या थरासाठी?’ असा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. या पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणात हा उलट प्रश्न येतो, आणि काही ठिकाणी तो वाचकाला कंटाळवाणाही वाटेल.

याच सूत्रात आणखी एक गुणक आहे, ‘सी’. सूत्र आपल्याकडच्या रस्त्यांच्या निरीक्षणांवर बसवलेलं आहे. हा गुणक मात्र मुळात अमेरिकेच्या ॲस्फाल्ट इन्स्टिट्यूटकडून आलेला. संगणकात आकडे भरताना बहुतेक जण त्याची ठरीव किंमत टाकून पुढे जातात. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिथेच आहे. या गुणकाला दोनच गोष्टी कळतात: दाबून झालेल्या मिश्रणात हवेची पोकळी किती, आणि खडीने शोषून उरलेलं, खरोखर कामाला येणारं डांबर आकारमानाने किती. डांबर ११.५ टक्के आणि पोकळी ४.५ टक्के असेल तर सीची किंमत सुमारे १.३८ येते. डांबर तेवढंच ठेवून पोकळी सात टक्क्यांवर गेली तर ती ०.४७ वर उतरते, म्हणजे आयुष्य एक तृतीयांश. उलट पोकळी तीन आणि डांबर तेरा टक्के केलं तर ती ३.९ च्या वर जाते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. कडकपणात पडणारा फरक बाजूला ठेवून केलेला हा हिशेब आहे, त्यामुळे तो शब्दशः घेऊ नये. पण दिशा आणि मोठेपणा दोन्ही खरे आहेत. कुठलाही परदेशी पॉलिमर न आणता, एकही सेंटिमीटर जाडी न वाढवता, नुसत्या पोकळीच्या अडीच टक्क्यांत रस्त्याचं दोन तृतीयांश आयुष्य जातं किंवा येतं.

ही अडीच टक्के पोकळी कुठून येते ते एखाद्या कामावर तासभर उभं राहिलं की दिसतं. प्लँट चाळीस-पन्नास किलोमीटर दूर. डंपरवरची ताडपत्री अर्धी उडालेली. माल निघाला तेव्हा दीडशे अंशांच्या वर होता. वाटेत घाट, नाका आणि एक चहा झाला. पेव्हर डंपरची वाट बघत उभा राहतो, मग एकदम तीन डंपर येतात. माल पसरला जातो, पण टँडम रोलर मागे पाणी भरून घेतोय आणि पीटीआरचा, म्हणजे टायरच्या रोलरचा, ड्रायव्हर जेवायला गेलाय. नव्वद-शंभर अंशांच्या खाली डांबर घट्ट होतं, खडीचे कण एकमेकांच्या कुशीत सरकायला तयार होत नाहीत. मग त्यावरून रोलर दहा वेळा फिरवला तरी पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो आणि पोकळी आत तशीच राहते. संध्याकाळी बघणाऱ्याला रस्ता उत्तम वाटतो. रस्त्यातून कोअर, म्हणजे दंडगोल नमुना, काढल्याशिवाय फरक कळत नाही. कोअर हातात घेऊन उन्हाकडे धरला की मात्र कळतो: कडेला टाचणी घुसेल अशी भोकं, काही ठिकाणी खडीला खडी टेकलेली आणि मधे डांबराचा मागमूस नाही.

मटेरियल डिझाइनच्या पुस्तकात रोलर आणि ताडपत्री कशाला, असं कुणी विचारेल. कारण मिश्रणाचं डिझाइन प्रयोगशाळेत संपत नाही. कागदावर चार टक्के पोकळीचं मिश्रण आणि रस्त्यावर आठ टक्के पोकळीचं मिश्रण ही दोन वेगळी मिश्रणं आहेत, त्यांची कृती एकच असली तरी. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात १९९० च्या दशकाच्या मध्यात वेस्टट्रॅक नावाचा चाचणी-मार्ग बांधला गेला, तो नेमका हेच तपासायला. एकाच मार्गावर सव्वीस तुकडे. काहींत डांबर मुद्दाम कमी, काहींत मुद्दाम जास्त, काहींत पोकळी जास्त ठेवलेली. त्यावरून ड्रायव्हर नसलेले भारी ट्रक दिवसरात्र फिरवले. चालक नसलेल्या वाहनांची आजची चर्चा ऐकताना त्या वाळवंटातल्या ट्रकांची आठवण कुणाला होत नाही. ज्या तुकड्यांत डांबर कमी आणि पोकळी जास्त होती ते आधी तडकले. ज्यांत डांबर फार होतं त्यांत चाकोऱ्या पडल्या.

चाकोऱ्यांचं नाव निघालंच आहे तर मिश्रणाचं डिझाइन करणाऱ्याची खरी कोंडी सांगायला हवी. बेसनाच्या लाडवात तूप कमी पडलं की लाडू भुगा होतो, जास्त झालं की बसतो. डांबराचं तसंच आहे, फक्त इथे थंडीतल्या सकाळी रस्त्याचं तापमान दहा अंश आणि मे महिन्यातल्या दुपारी साठ अंश, आणि लाडू एकच. उन्हाळ्यात रस्ता मऊ पडून चाकोऱ्या पडू नयेत म्हणून डांबर कमी आणि कडक ठेवायचं. थंडीत आणि जुनं झाल्यावर तो तडकू नये म्हणून जास्त आणि मऊ ठेवायचं. आपल्याकडचे अभियंते चाकोऱ्यांना जास्त घाबरतात. चाकोरी पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच दिसते आणि जाब लगेच द्यावा लागतो. भेग येते तेव्हा बदली झालेली असते. हे कडवट वाटेल, पण मिश्रणं हळूहळू कोरडी होत गेली त्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं. दुसरं कारण सरळ पैशाचं: वजनाने पाच-सहा टक्के असलेलं डांबर मिश्रणातली सर्वांत महाग वस्तू आहे. टनामागे तीन किलो डांबर वाचवलं तर डोळ्यांना दिसत नाही, पण लाख टनांच्या कामात तीनशे टन होतात.

आता एक विसंगती बघा. आपल्या रस्त्याच्या वरच्या थरात, म्हणजे बीसीत (बिटुमिनस काँक्रीटमध्ये), केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांनुसार वजनाने किमान ५.२ ते ५.४ टक्के डांबर लागतं. त्याच्या खालच्या डीबीएमला (डेन्स बिटुमिनस मॅकॅडमला) खडीच्या श्रेणीप्रमाणे किमान चार किंवा साडेचार पुरतं. खडी मोठी असल्याने डांबर कमी लागतं, हे तर्काला धरून आहे. पण ताण सर्वांत जास्त कुठे? डीबीएमच्या तळाशी. म्हणजे जो थर सर्वांत जास्त ताणला जातो त्याच्या वाट्याला सर्वांत कमी डांबर. ही गोष्ट लक्षात आल्यावर जगभरात एक साधा उपाय पुढे आला: सगळ्यात खालच्या डांबरी थरात डांबर अर्ध्या टक्क्याच्या आसपास वाढवायचं आणि पोकळी तीन टक्क्यांपर्यंत दाबून आणायची. तो थर पृष्ठभागापासून खोल असतो, तिथे ऊन पोचत नाही, त्यामुळे तो मऊ पडून चाकोरी पडण्याची भीती कमी. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच फ्रीवेच्या पुनर्बांधणीत हे तंत्र वापरलं गेलं. आयआरसी ३७ नेही २०१२ च्या आवृत्तीपासून त्याला जागा दिली आहे. आपल्या निविदांमध्ये मात्र ते अजून अपवादानेच दिसतं.

याच वाटेने पुढे गेलं की ‘पर्पेच्युअल’ रस्त्याची कल्पना येते. काही धातूंना एक मर्यादा असते, तिच्याखाली कितीही वेळा वाकवलं तरी ते थकत नाहीत. डांबरी मिश्रणालाही अशी मर्यादा आहे असं मानण्याइतका पुरावा आता आहे. आयआरसीने आपल्या हवामानासाठी ती ८० मायक्रोस्ट्रेन धरली आहे. तळाचा स्ट्रेन त्याखाली ठेवला तर भेग खालून सुरूच होत नाही; पंधरा-वीस वर्षांनी वरचे चार-पाच सेंटिमीटर खरवडून नवे टाकायचे, खालचं तसंच. फक्त अशा जाड रस्त्यात भेग खालून येण्याऐवजी वरून खाली जाऊ लागते: टायरच्या कडेचा ताण, ऊन, आणि जुनं होऊन ठिसूळ झालेलं पृष्ठभागावरचं डांबर. एक दार लावलं की दुसरं किलकिलं होतंच.

फ्रेंचांनी वेगळी वाट धरली. त्यांनी अत्यंत कडक डांबर घेतलं, पण ते सढळ हाताने घातलं आणि पोकळी घट्ट दाबली. ईएमई या नावाने १९८० च्या दशकापासून हे मिश्रण वापरात आहे. पंधरा अंशांना किमान १४,००० मेगापास्कल कडकपणा, आणि तरीही दहा लाख फेऱ्यांना १३० मायक्रोस्ट्रेन सोसण्याची अट. कडक वस्तू लवकर थकते हा नियम त्यांनी मोडला असं वाटतं, पण तसं नाही. आपल्याकडे कडकपणा आणण्यासाठी डांबर कमी केलं जातं; त्यांनी डांबराची जात बदलली, प्रमाणात हात आखडला नाही. या पुस्तकात सांगायची एकच गोष्ट निवड म्हटलं तर मी हीच निवडेन.

डांबराची जात बदलायची म्हणजे काय, हा पुढच्या प्रकरणांतला सर्वांत मोठा भाग आहे. पूर्वी आपल्याकडे डांबर सुई किती रुतते यावर मोजलं जाई. ८०-१००, ६०-७० ही नावं जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहेत. आयएस ७३ च्या २००६ च्या सुधारणेने चिकटपणावर आधारलेली व्हीजी-१०, २०, ३०, ४० ही प्रतवारी आणली. उन्हाळ्यातल्या वागणुकीबद्दल ती पुष्कळ सांगते, थकव्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. अमेरिकेत १९८७ ते १९९३ दरम्यान झालेल्या मोठ्या संशोधन-कार्यक्रमातून सुपरपेव्ह पद्धत आली. तिने डांबर आधी कृत्रिमरीत्या जुनं करून, मग मध्यम तापमानाला पिळून, त्याचा थकव्याचा कल मोजायचा प्रयत्न केला. तोही पुरेसा ठरला नाही, कारण त्यात डांबर अगदी हलकं पिळलं जातं; रस्त्यावर ते मोडेपर्यंत पिळलं जातं.

मग येतात मिसळायचे पदार्थ. एसबीएस नावाचं पॉलिमर तीन-चार टक्के घातलं की डांबरात रबरासारखं जाळं तयार होतं. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर इलॅस्टिक रिकव्हरीची चाचणी बघावी. पाण्याच्या टाकीत डांबराची वादी दहा सेंटिमीटर ताणतात, मधोमध कात्रीने कापतात आणि तासभर तशीच सोडतात. साध्या डांबराची दोन टोकं होती तिथेच लुळी पडून राहतात. एसबीएसवाल्या डांबराची टोकं मागे सरकत जातात आणि निम्म्याहून कितीतरी जास्त अंतर परत जातात. भेग पडू पाहते तेव्हा हे जाळं तिला आवरून धरतं. अलाबामात ऑबर्न विद्यापीठाच्या एनकॅट चाचणी-मार्गावर साताठ टक्के एसबीएस घातलेला एक तुकडा १७८ ऐवजी १४५ मिलिमीटर जाडीचा बांधला आणि तो जाड तुकड्याच्या बरोबरीने टिकला. पण हेच डांबर साइटवरच्या टाकीत न ढवळता आठवडाभर ठेवलं तर पॉलिमर वर तरंगतो; टाकीच्या तळाकडून काढलेला माल मग साध्या डांबरासारखाच वागतो आणि बिल मात्र पॉलिमरचं लागतं.

टायरच्या चुऱ्याचं डांबर हे चार्ल्स मॅक्डॉनल्ड यांचं काम, ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात, १९६० च्या दशकातलं. नीट केलं तर ते भेगांना दाद देत नाही. प्लास्टिकच्या कचऱ्याचं श्रेय मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले राजगोपालन वासुदेवन यांचं. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांची खुबी अशी की प्लास्टिक डांबरात न विरघळवता तापलेल्या खडीवर त्याचा लेप चढवायचा. खडी पाणी कमी शोषते, डांबर तिला घट्ट धरतं, आणि पावसाळी मुलखात हा मोठा फायदा आहे. मात्र कचरा संपवणं हे एक उद्दिष्ट आणि थकवा कमी करणं हे दुसरं. दोन्ही एकाच वाक्यात सांगितली की सभेत टाळ्या मिळतात. मिश्रणाची परीक्षा मात्र प्रत्येक उद्दिष्टासाठी वेगळी घ्यावी लागते.

खडीबद्दल महाराष्ट्राने फार तक्रार करू नये. सह्याद्री आणि दख्खनचं पठार बेसाल्टचं आहे, आणि बेसाल्टला डांबर ग्रॅनाइट किंवा क्वार्टझाइटपेक्षा चांगलं चिकटतं. तरीही धुळीने माखलेली खडी, चपटे तुकडे आणि सलग चार महिन्यांचं पाणी यांपुढे बेसाल्टही हात टेकतो. तिथे एक-दोन टक्के विरी चुन्याची पूड भराव म्हणून घातली की खडी आणि डांबर यांची पकड सुधारते, शिवाय डांबर जुनं होण्याचा वेगही मंदावतो. स्वस्त, माहीत असलेला आणि तरी कमी वापरला जाणारा उपाय. आपल्या राज्याची खरी अडचण खडीखाली आहे: काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि वरचं डांबर कितीही गुणी असलं तरी त्याला दुप्पट वाकायला लावते.

प्रयोगशाळेतली थकव्याची परीक्षा एकदा जवळून बघावी. दाबून केलेल्या लादीतून करवतीने ३८० मिलिमीटर लांब, ६३ रुंद आणि ५० जाड अशी तुळई कापतात. ती वीस अंशांच्या कपाटात चार चिमट्यांत धरतात आणि सेकंदाला दहा वेळा खालीवर वाकवतात. काचेतून बघितलं तर काहीच हलताना दिसत नाही, इतकं ते वाकणं सूक्ष्म असतं. फक्त यंत्राची घरघर. पडद्यावर कडकपणाची रेघ आधी झपकन उतरते, मग तासन् तास जवळजवळ सरळ जाते, आणि शेवटी कोसळते. मूळच्या निम्म्यावर आली की तुळई संपली असं मानतात. दहा लाख फेऱ्यांना जवळजवळ अठ्ठावीस तास लागतात. एकाच लादीच्या दोन तुळयांत दुप्पट-तिप्पट फरक सहज येतो, म्हणून एका तुळईच्या आकड्यावर मिश्रणाची जाहिरात करणाऱ्यांकडे संशयाने बघावं.

आणि यंत्रातली तुळई अखंड राबते, रस्त्याला मात्र दोन ट्रकांच्या मधे उसंत मिळते. डांबर हा असा पदार्थ आहे की सवड आणि ऊब मिळाली तर त्याच्या सूक्ष्म भेगा आपोआप सांधतात. त्यामुळे रस्ता प्रयोगशाळेच्या भाकितापेक्षा कितीतरी जास्त टिकतो, आणि दोन आकड्यांची सांगड घालायला गुणक वापरावा लागतो. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टचे एरिक श्लांगेन यांनी यावरच बेत रचला: मिश्रणात पोलादाचे बारीक तंतू घालायचे, आणि काही वर्षांनी वरून विद्युतचुंबकीय यंत्र फिरवून ते तापवायचे, की डांबर वितळून भेगा मिटतात. ए५८ महामार्गाच्या एका तुकड्यावर २०१० साली ते घातलं गेलं. आपल्या उन्हाळ्यात हे तापवणं फुकट होतं. पण ऊन भेगा सांधतं त्याच वेळी डांबरातला तेलकट अंश घटवून त्याला ठिसूळही करतं, आणि जुनं डांबर सांधायचं विसरतं.

भाराबद्दल एकच आकडा. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एकेरी आसाचा कायदेशीर भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. वाढ पावणेतेरा टक्क्यांची. भाराचा रस्त्यावरचा परिणाम साधारण चौथ्या घाताने वाढतो, हे इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या प्रसिद्ध रस्ता-चाचणीतून आलेलं सूत्र. त्याप्रमाणे त्या आसाची इजा सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. कायद्याने चालणाऱ्या ट्रकाची ही गोष्ट. त्याच्या पलीकडचे ट्रक तुम्ही रात्री घाटात बघितलेच असतील.

मराठी माणसाशी रस्त्यांबद्दल बोलायला लागलं की पाचव्या मिनिटाला पुण्याचा जंगली महाराज रस्ता येतो: १९७६ साली रेकॉन्डो कंपनीने बांधलेला, दहा वर्षांची हमी दिलेला, आणि त्यानंतर कैक पावसाळे खड्ड्याविना काढलेला. ही गोष्ट बहुतेकदा प्रामाणिकपणाची म्हणून सांगितली जाते, आणि प्रामाणिकपणा त्यात आहेच. मला त्यात हमीचं कलम जास्त महत्त्वाचं वाटतं. दहा वर्षं आपल्याच खिशातून दुरुस्ती करायची असेल तर डांबर अर्धा टक्का कमी घालण्यात फायदा उरत नाही. तरी हेही खरं की त्या रस्त्यावरून बस, मोटारी आणि दुचाकी जातात. भरलेल्या मल्टिॲक्सल ट्रकांची रांग जात नाही. त्याचीच कृती उचलून नाशिक किंवा सोलापूरच्या महामार्गावर घातली तर तेवढीच वर्षं निघतील असं समजू नये.

पुस्तकाची मांडणी मिश्रणाच्या क्रमाने आहे: खडी, भराव, डांबर, मिसळायचे पदार्थ, मग पोकळी आणि दाबणी, मग चाचण्या. जुन्या रस्त्याचं खरवडलेलं डांबर पुन्हा वापरण्यावर शेवटचं प्रकरण आहे आणि ते मुद्दाम मोठं ठेवलं आहे. खरवडलेला माल येत्या काळात वाढतच जाणार. तो कडक आणि ठिसूळ असतो, आणि तो किती घालावा याचं उत्तर आज बहुतेक ठिकाणी पैशाच्या हिशेबाने दिलं जातं, थकव्याच्या नाही. सिमेंटच्या रस्त्यांचा विचार इथे नाही. त्यांचा थकवा वेगळ्या जातीचा आहे. पाण्याच्या निचऱ्यावरही वेगळं प्रकरण नाही, कारण तो मिश्रणाचा विषय नव्हे, जरी गटार नसलेल्या रस्त्यावर यातलं काहीच लागू पडत नाही. कडकपणाचे आकडे दुसरं काही म्हटलं नसेल तर आयआरसीप्रमाणे ३५ अंशांचे आहेत. फ्रेंच आकडे १५ अंशांचे. दोन्हींची एकमेकांशी थेट तुलना करू नये. टक्केवारी जिथे डांबराची आहे तिथे ती वजनाने आहे की आकारमानाने हे पुढच्या प्रकरणांत प्रत्येक वेळी लिहिलं आहे, आणि वाचकानेही साइटवर हा प्रश्न दर वेळी विचारावा.